वरच्या दात्यांची हातमशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. हाताने चाक फिरवून चालवायची, लाकडी पाटावर बसवलेली, काळ्या रंगाची. माझ्या अंगावर एके काळी सोनेरी वेल होती. आता तिची तीन पानं उरली आहेत आणि ज्याला माहीत आहे त्यालाच ती दिसतात. माझं घर राळेगावात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत, प्रभावतीच्या खिडकीपाशी आहे. मी कशी घडले, कशी बदलले आणि त्यापायी दोन घरांत काय झालं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. भट्टीची धग आठवते. पेंढ्यात गुंडाळून जहाजावर चढवलं ते आठवतं. हिंगणघाटच्या स्टेशनावर उतरवून बैलगाडीत ठेवलं तेव्हा वर्धा नदीच्या पात्रात बसलेले हादरे तर अजून माझ्या स्क्रूंमध्ये आहेत. मला विकत घेतलं ते किसनराव शिंप्यांच्या वडिलांनी. राळेगावच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. त्या दुकानात मी बाप आणि लेक, दोघांच्या हाताखाली काम केलं. कास्तकारांच्या बंड्या शिवल्या, नवरीच्या चोळ्या शिवल्या, शाळेच्या मास्तरांचे कोट शिवले. गावात पहिली मशीन मीच. माझा आवाज ऐकायला माणसं ओट्यावर बसत.

पण मित्रांनो, यंत्र एकदा घडलं म्हणजे कायमचं चांगलं, असं नसतं. कुणीतरी त्याच्यातली अडचण ओळखतो आणि पुढचं यंत्र त्याहून बरं निघतं. माझ्यातल्या दोन अडचणी मला स्वतःला ठाऊक होत्या. चाक फिरवण्यात शिवणाऱ्याचा उजवा हात गुंतून पडे आणि कापड सांभाळायला एकटा डावा उरे, ही एक. दुसरी म्हणजे माझा खालचा दोरा. तो होडीसारख्या लांबट शटलमध्ये असे. ते शटल प्रत्येक टाक्याला मागे-पुढे धावे, त्यामुळे आवाज फार आणि वेग कमी.

सन पंचावन्नच्या दिवाळीला किसनरावांनी पायमशीन आणली. तिला खाली लोखंडी पायडल होतं, वर चामड्याचा पट्टा होता आणि पोटात खालच्या दोऱ्याची गोल बॉबिन होती. किसनराव पायाने चालवत आणि दोन्ही हातांनी कापड धरत. माझ्या एका बंडीच्या वेळात तिच्या तीन होत. मला वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलू? ती माझ्यापेक्षा चांगलीच होती. किसनरावांनी मला पुसलं, एका जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलं आणि कोपऱ्यात ठेवलं.

तिथे मी वर्षभर होते.

छपन्नच्या पावसाळ्याच्या शेवटी दुकानात सगळीकडे पांढरं कापड दिसू लागलं. दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा होती. जिनिंगच्या मागच्या वस्तीतली माणसं तिकडे निघाली होती आणि प्रत्येकाला पांढरं धुतलेलं, शिवलेलं कापड अंगावर हवं होतं. किसनरावांनी हात वर केले. दिवाळीआधी एक सदराही जमणार नाही, असं ते ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसांना सांगत होते.

त्या माणसांमध्ये जिनिंगमध्ये काम करणारा गोविंदा होता आणि त्याच्यासोबत त्याची अठरा वर्षांची मुलगी होती. तीच प्रभावती. ती दर महिन्याला दुकानातल्या चिंध्या न्यायला येई. आईसोबत ती गोधड्या शिवायची. बाकीची माणसं परत फिरली, पण ती थांबली. तिने कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे बोट केलं आणि विचारलं, ती मशीन तुम्ही चालवत नाही, तर मी चालवू का?

किसनरावांनी कात्री खाली ठेवली. त्यांचा स्वभाव कठोर नव्हता, पण मोकळाही नव्हता. शेवटी त्यांनी मला उचललं आणि ओट्याच्या कडेवर ठेवलं. त्या वस्तीतल्या माणसाच्या हातात वस्तू द्यायची नाही, खाली ठेवायची, अशी तेव्हाची रीत होती. मग ते म्हणाले, "माह्या बापाची मशीन हाय ही. वापर. पण मांगीन तवा वापस आनून द्यायची. अन् बदल्यात माह्या दुकानची काज-बटनं करून द्यायची."

प्रभावतीने मला डोक्यावर घेतलं आणि ती निघाली. वाटेत एकदाही थांबली नाही.

पहिल्या दिवशी तिने माझ्या तीन सुया मोडल्या. दुसऱ्या दिवशी टाका बसला, पण दोऱ्याचं जाळं झालं. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की मला घाई चालत नाही. मग तिने पंधरवड्यात चाळीसच्या वर सदरे आणि लहान लेकरांची झबली शिवली. बायकांच्या पांढऱ्या लुगड्यांना काठ घातले. सगळ्यात शेवटी तिने गोविंदाचा सदरा शिवला. त्याने तो अंगात घातला, बाह्या खाली-वर करून पाहिल्या आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खी वस्ती निघून गेली. मी रिकाम्या घरात एकटीच होते. चार दिवसांनी माणसं परत आली. कपडे प्रवासाने मळले होते, पण प्रभावतीने सांगितलं, एकाचीही शिवण उसवली नाही.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा उकंडा. एसटी स्टँडजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बोलणं कमी, हात मात्र सतत चाललेले. तुटकी वस्तू दिसली की तो आधी तिच्याकडे खूप वेळ बघत बसे आणि मगच हात लावी. प्रभावती मला घेऊनच सासरी गेली, म्हणजे दोन गल्ल्या सोडून. किसनरावांची काज-बटणं ती न चुकता करून देत होती आणि त्यांनी मला परत मागितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सुरू होते.

एकसष्ट सालचा दसरा झाला होता. पांढरकवड्याकडून रामराव गुरुजी आले. तिकडे जंगलातल्या वाड्यांवरच्या मुलींसाठी एक बोर्डिंग उघडलं होतं आणि त्याची देखभाल गुरुजींकडे होती. मुली रात्री गोणपाटाच्या बारदान्यावर झोपत आणि बारदानाच पांघरत. थंडी पडायच्या आत चाळीस गोधड्या हव्या होत्या. हाताने एक गोधडी भरायला प्रभावतीला आठ दिवस लागत. तिने मनातल्या मनात हिशेब केला, माझ्याकडे पाहिलं आणि शब्द देऊन टाकला.

तिने खाली जुनं लुगडं अंथरलं, मधे रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पातळ थर पसरला, वर दुसरं कापड घातलं आणि कडेने धावदोरा घालून मला लावलं. मी शिवू लागले. सहा गोधड्या आठ दिवसांत झाल्या. वरून पाहिलं तर ठीक दिसत होत्या, जरा चुण्या होत्या इतकंच. त्या एसटीने पांढरकवड्याला गेल्या.

दिवाळीनंतर गुरुजी त्या सहाही गोधड्या घेऊन परत आले. एका धुण्यात शिवण ठिकठिकाणी उसवली होती. रुई एका कडेला गोळा झाली होती आणि मधे नुसती दोन कापडं उरली होती. गुरुजी रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बाई, एका पोरीनं मले विचारलं, गुरुजी, माहा बारदाना वापस भेटन का?"

गुरुजी गेल्यावर प्रभावती त्या गोधड्यांसमोर बसून राहिली. तिने चूल पेटवली नाही. उकंडा आला, त्याने पाहिलं आणि स्वतःच भाकरी टाकायला घेतल्या.

मित्रांनो, चूक माझी होती. पण मला बोलता येत नव्हतं. माझ्यात कापड पुढे सरकवणारे दाते असतात, ते खालच्या बाजूला. वरून कापड दाबून धरणारा एक लोखंडी पाय असतो, तो नुसता दाबतो. पातळ कापड असलं तर दोन्ही थर बरोबर सरकतात. गोधडी जाड. तिचं खालचं कापड माझ्या दात्यांबरोबर जाई आणि वरचं त्या पायाखाली अडकून मागे राही. थोडं थोडं करत वरच्या कापडाचा फुगवटा होई, त्याच्या चुण्या पडत आणि मधली रुई ढकलली जाई. ओढला गेलेला दोरा पुढे तुटणारच.

प्रभावतीला हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक तुकडा माझ्याखाली घातला, डावा तळहात कापडावर सपाट ठेवला आणि चाक अगदी हळू फिरवलं. एक टाका. मग थांबली. पुन्हा एक टाका. असं सकाळभर केलं. मग तिने दाबाच्या पायाचा खटका प्रत्येक टाक्याला हाताने उचलला आणि खाली सोडला. वरचं कापड सुटं झालं आणि खालच्याबरोबर चाललं. एकही चुणी पडली नाही. पायमशीनवर हे तिला करता आलं नसतं, कारण ती एका टाक्यावर थांबत नाही. मी जुनी, हळू चालणारी होते, म्हणूनच तिला माझ्यातला दोष सापडला. पण असं हाताने उचलत शिवायचं तर एका गोधडीला पंधरा दिवस लागले असते.

दुपारी ती मला घेऊन उकंडाच्या दुकानात गेली. त्याला तिने तो तुकडा दाखवला.

"खालचं कापड चालते अन् वरचं बसून राह्यते," ती म्हणाली. "जसे खाली दाते हायेत, तसे वर पायजेत. वरच्यानंही खालच्यासंग पाऊल टाकलं पायजे."

उकंडाने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. चाक फिरवून सुई वर-खाली होताना पाहिली. सुईच्या स्क्रूला बोट लावून पाहिलं. "हे वर-खाली होतेच," तो स्वतःशीच म्हणाला. "याच्याच जोरावर चालवता येईन."

त्याने पहिला पाय करवतीच्या पात्यापासून केला. त्याच्या दातांनी कापड फाडलं. दुसरा सायकलच्या साखळीच्या दोन कड्यांपासून केला. तो सुईच्या वाटेत आला आणि सुई मोडून तिचा तुकडा उकंडाच्या गालाला लागला. तिसऱ्या वेळी त्याने दाते घासून बोथट केले आणि स्पोकची एक दांडी करून ती सुईच्या स्क्रूला अडकवली. सुई वर गेली की दांडी वर जाई, वरचे दाते कापडावर टेकत आणि खालच्या दात्यांबरोबर मागे सरकत. सुई खाली आली की ते उचलले जात आणि ब्रेकच्या स्प्रिंगने ओढून पुन्हा पुढे येत. शिवाय त्याने स्पोकचाच एक तुकडा वाकवून बाजूला बसवला. तो आधीच्या टिपेवरून फिरवला की पुढची टीप बरोबर तेवढ्याच अंतरावर पडे.

एकच अडचण उरली. हा नवा पाय उंच होता. तो ज्या दांडीवर बसतो, ती माझी दांडी खालून दोन जवांएवढी घासल्याशिवाय गोधडी आत जात नव्हती. उकंडाने कानस हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"मशीन आपली नाई," तो म्हणाला. "एकदा घासलं का वापस येत नाई. त्यायले पुसून ये."

प्रभावतीने मला पुन्हा डोक्यावर घेतलं आणि ती किसनरावांच्या ओट्याशी गेली. तिने सगळं समजावून सांगितलं. किसनरावांनी नीट ऐकूनही घेतलं नाही. बापाच्या मशीनला कानस लावायची नाही, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा विचारलं तर मशीन इथेच ठेवून जायची, असंही सांगितलं. मग ते पायमशीनकडे वळले.

परतीच्या वाटेत प्रभावती एका लिंबाखाली थांबली. मला खाली ठेवून ती शेजारी बसली. बराच वेळ बसली. कापसाच्या गाड्या जात होत्या, गाडीवाले वळून बघत होते. ती काय विचार करत होती ते मला माहीत नाही. उठली तेव्हा तिचा चेहरा शांत होता आणि मला तो आवडला नाही.

दुकानात उकंडाने विचारलं, "काय म्हनाले?"

"घासा म्हनाले," प्रभावती म्हणाली.

उकंडाने कानस उचलली. दांडी घासली जात असताना मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. लोखंडाला दुखत नाही. पण ते खोटं मी ऐकलं होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा बोलता यावंसं वाटलं.

नंतर मी जशी शिवले तशी आयुष्यात कधी शिवले नव्हते. दोन्ही कापडं एका चालीने माझ्याखालून जात. टीप सरळ पडे आणि दोन टिपांमध्ये चार बोटांचं अंतर राही, त्यामुळे रुई जागची हलत नसे. प्रभावती उजव्या हाताने चाक फिरवी आणि डाव्या हाताने गोधडी नुसती धरी. तिला ती ओढावी लागत नसे. दिवसाला एक, कधी दीड गोधडी होई. परत आलेल्या सहाही तिने उसवून नव्याने भरल्या. शेवटची गोधडी झाली तेव्हा पौष लागला होता. गुरुजींनी पहिल्या वीस आधीच नेल्या होत्या आणि दोनदा धुऊन पाहिल्या होत्या. उरलेल्या न्यायला आले तेव्हा त्यांनी गोधडीचे दोन कोपरे धरून ती जोरात झटकली, मग घडी करून छातीशी धरली. आता बारदाने सगळे जिनिंगला देऊन टाकतो, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी उकंडा खुशीत होता. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. उरलेल्या कापडाची एक छोटी गोधडी झाली होती. ती किसनरावांना नेऊन द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. दुसऱ्या कुणी आपल्या बापाच्या मशीनला हात लावू दिला नसता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "मोठ्या मनाचा मानूस हाय," तो म्हणाला. "आपन उगाच त्यायले कडक समजत होतो."

प्रभावती पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"त्यायनं नाई म्हनलतं," ती म्हणाली.

उकंडाला आधी समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. लिंबाखाली बसून खोटं ठरवलं, हेही सांगितलं. बारदाना मागणारी पोर डोळ्यांसमोरून जात नव्हती, एवढंच कारण तिने दिलं. ती रडली नाही. उकंडाने हातातली छोटी गोधडी घडी करून माझ्यावर ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. मग तो म्हणाला, "चोरी केली ते एक. पन माह्या हातानं करवली."

सकाळी त्याने मला सायकलच्या कॅरिअरवर बांधलं. प्रभावती मागून चालत आली. किसनरावांच्या ओट्यावर मला ठेवून उकंडा म्हणाला, "दांडी घासली म्या." त्याला पुढे बोलू न देता प्रभावती म्हणाली, "त्यायले मालूम नवतं, काकाजी. तुमी हो म्हनलं असं म्याच सांगतलं. गुन्हा माहा हाय."

किसनरावांनी माझ्यावरचं कापड काढलं. घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. त्या दोघांना त्यांनी फक्त जायला सांगितलं.

आठ-नऊ दिवस मी पुन्हा त्या कोपऱ्यात होते. किसनराव माझ्याकडे बघत नसत. पण थंडीचे दिवस होते आणि लोकांना रुई भरलेल्या बंड्या हव्या होत्या. पायमशीनवर जाड बंडीच्या चुण्या होतात, म्हणून किसनराव त्या टिपा हाताने घालत. मी त्यांना तीस वर्षं पाहिलं होतं. पूर्वी ते सुईत दोरा न पाहता ओवत. आता दारात उजेडाला जाऊन, चष्मा कपाळावर चढवून, तीन-चार वेळा चुकत ओवत. एका दुपारी सुई त्यांच्या बोटात खोल गेली. त्यांनी बोट चोखलं, बंडी बाजूला टाकली आणि ती तशीच उचलून ते माझ्याकडे आले.

त्यांनी बंडी माझ्याखाली घातली आणि चाक फिरवलं. वीतभर टीप झाली तसे ते थांबले. उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. नखाने टिपेवरून रेघ ओढली. मग एका दमात पूर्ण पाठ शिवून काढली. कुठे चुणी नव्हती. किसनराव ती बंडी मांडीवर घेऊन बसले. गिऱ्हाईक आलं तर त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचललं आणि स्वतःच्या सायकलला बांधलं. किसनराव शिंपी जिनिंगच्या मागच्या वस्तीत त्याआधी कधी आले नव्हते. माणसं दारांत येऊन उभी राहिली. प्रभावती अंगणात हाताने गोधडी भरत होती आणि उकंडा जेवायला घरी आला होता. नवरा-बायकोत त्या दिवसांत कामापुरतंच बोलणं होत होतं, ते मला त्यांच्या बसण्यावरूनच समजलं.

किसनरावांनी मला खाटेवर ठेवलं आणि ते शेजारी बसले. पाणी मागितलं. प्रभावतीने आणलेला गडू त्यांनी तिच्या हातून घेतला आणि रिकामा केला.

"तू चूक केली, पोरी," ते म्हणाले.

"हो जी."

"म्याही आयकून घेतलं नाई. तू सांगत होती तवा मले दोन घडी बसून पाहाचं होतं." त्यांनी गडू खाली ठेवला. "तीस वर्सं बंड्या हातानं भरल्या म्या. डोळे गेले माहे त्याच्यात." मग उकंडाकडे वळून त्यांनी विचारलं, "माह्या पायमशीनले असा पाय बसवता येईन का?"

उकंडाने विचार केला. बसवता येईल, पण तिचीही दांडी घासावी लागेल, असं त्याने सांगितलं. किसनराव म्हणाले, घासा. उकंडा म्हणाला, आज नाही. उद्या तुमच्या दुकानात येतो, तुमच्या समोर करू.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला दोघांनी मलाही नेलं. या वेळी उकंडा ओट्याखाली उभा राहिला नाही. किसनरावांनी त्याला आत, पायमशीनच्या शेजारी बसवलं. उकंडाने माझं माप घेतलं, पायमशीनच्या दांडीवर खडूने रेघ ओढली आणि किसनरावांना दाखवली.

"इथवर घासू?"

किसनरावांनी वाकून रेघ पाहिली. "घासा."

उकंडाने कानस उचलली आणि ती प्रभावतीपुढे धरली. ती दारापाशी उभी होती. तिने आधी कानसेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आपल्याला हे जमणार नाही, असं ती हळूच म्हणाली.

"जमते," उकंडा म्हणाला. "कुठं थांबा लागते, ते आता तुले मालूम हाय."

प्रभावती खाली बसली. तिने पदर खोचला, दांडी डाव्या हातात घट्ट धरली आणि घासायला सुरुवात केली. मधे मधे ती थांबून रेघ बघत होती. एकदा रेघेच्या अगदी जवळ आल्यावर तिने वर पाहिलं. किसनरावांनी मान हलवली. ती आणखी दोनदा घासून थांबली. किसनरावांनी पुढे वाकून लोखंडाचा भुगा फुंकून उडवला.

किसनरावांनी मला परत मागितलं नाही. ती छोटी गोधडी मात्र घेतली आणि हिवाळ्यात दुकानात बसताना ते ती पायांवर टाकत. पुढची काही वर्षं हिवाळा आला की आजूबाजूच्या गावांतले शिंपी उकंडाकडे येत. पुसदहून एक जण आपली मशीन घेऊन आला होता. उकंडा प्रत्येक वेळी थोडा वेगळा पाय करी, आधीच्यापेक्षा थोडा बरा. कुणाचा हलका, कुणाचा आवाज न करणारा. आता शहरात असे पाय तयार मिळतात, असं मी ऐकलं आहे. ते माझ्या पायापेक्षा नक्कीच चांगले असतील. त्यांच्या मागेही कुणीतरी कापडावर तळहात ठेवून सकाळभर बसलं असेल.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल, तर ते बदलायला घाबरू नका. फक्त आधी ज्याचं आहे त्याला विचारा, आणि तुम्हाला कुणी विचारायला आलं तर दोन घडी बसून ऐका. बाकी माझं मागणं थोडं आहे. पावसाळ्यात मला कोरडं ठेवा, सुई बोथट झाली की बदला आणि मुकाट चालते आहे म्हणून मला विसरू नका.

पांढरकवड्याचं बोर्डिंग वाढलं आहे. यंदा साठ गोधड्या हव्यात. प्रभावतीने सकाळीच अंगणात लुगडी अंथरली आहेत आणि रुईचा पहिला थर पसरला आहे. खिडकीतून ऊन माझ्या चाकावर आलं आहे. ती हात पुसत आत येते आहे.